नाच तुमचा, जंगल आमचं

पेसा कायद्यात एक वाक्य आहे. पंचायतराज आदिवासी भागांत नेणारा हा कायदा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रांसाठी संसदेने डिसेंबर १९९६ मध्ये केला. त्याच्या चौथ्या कलमात म्हटलं आहे, की लोकांच्या परंपरा आणि रूढी, त्यांची सांस्कृतिक ओळख, सामूहिक संसाधनं आणि तंटे सोडवण्याची त्यांची रूढ पद्धत यांचं रक्षण आणि जतन करायला प्रत्येक ग्रामसभा सक्षम आहे. कायद्याच्या पुस्तकात इतकं शहाणं वाक्य क्वचित सापडतं. गाणं, जंगल आणि न्यायनिवाडा एका दमात सांगितलेले, आणि तिन्ही एकाच ग्रामसभेच्या हाती दिलेले.

मग कारभार सुरू झाला आणि वाक्याचे तुकडे पडले. परंपरा गेल्या सांस्कृतिक कार्य विभागाकडे, जंगल वनखात्याकडे, तंटे पोलीस पाटील आणि तहसीलकडे, पोरांची भाषा शिक्षण विभागाकडे. उरलंसुरलं आदिवासी विकास विभागाने सांभाळायचं. दर ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, जिल्ह्याच्या गावी मंडप पडतो, पाहुणे डोक्याला मोरपिसं लावून ढोलाच्या तालावर चार पावलं टाकतात, फोटो निघतात. त्याच लोकांच्या ग्रामसभेचा ठराव मात्र ‘अभिप्रायार्थ सादर’ असा शेरा घेऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. नाच तुमचा, जंगल आमचं, अशी ही वाटणी आहे. ती कुणी लिहून ठेवलेली नाही. पण गडचिरोलीपासून पालघरपर्यंत कुठेही जा, कारभार तिच्याच बरहुकूम चालतो.

मला या वाटणीविरुद्ध बोलायचं आहे. आदिवासी संस्कृतीचं जतन व्हावं याला आज कुणाचाच विरोध नाही, आणि माझ्या मते तिथेच पाणी मुरतं. कुणाचाच विरोध नसलेल्या गोष्टीत सहसा कुणाला काही सोडावं लागत नाही. जिथे गावाला आपल्या जंगलाबद्दल, पोरांच्या शाळेबद्दल, देवाच्या डोंगराबद्दल ‘नाही’ म्हणता येतं, तिथे त्या गावाची संस्कृती टिकते, बदलते, पडली तर पुन्हा उभी राहते. जिथे तसं म्हणता येत नाही तिथे उरतो तो कार्यक्रम, दीपप्रज्वलनासह.

गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याजवळ मेंढा (लेखा) हे शंभराच्या आसपास घरांचं गोंड गाव आहे. महाराष्ट्राला ते माहीत झालं वनहक्कामुळे, म्हणजे जंगलावरच्या गावाच्या कायदेशीर हक्कामुळे. पण वनहक्क कायदा येण्याच्या पुष्कळ आधी या गावाने एक लढाई लढली होती, आणि ती होती गोटुलची. ऐंशीच्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध ‘मानव बचाओ, जंगल बचाओ’ आंदोलन झालं. बुडू घातलेलं जंगल वाचलं. त्यानंतर मेंढ्यात जी चर्चा सुरू झाली तिच्यात आपल्या मोडकळीला आलेल्या रीतींचाही विषय निघाला. गोटुल म्हणजे तरुण मुलामुलींनी जमायची, गाण्यानाचाची, मोठ्यांकडून शिकायची आणि गावाने बसून बोलायची जागा. बाहेरच्या लेखकांना त्यातलं फक्त चवदार तेवढं दिसलं आणि त्यांनी ते इतकं रंगवलं, की शिकल्यासवरल्या गोंडांनाच गोटुलचं नाव काढायची चोरी झाली. मेंढ्याने ठरवलं, गोटुल पुन्हा बांधायचं. रीतीप्रमाणे लाकूड सागाचं हवं, ते गावाने आपल्याच जंगलातून आणलं. वनखात्याच्या वहीत ही चोरी होती. खात्याने बांधलेलं गोटुल मोडलं आणि लाकूड नेलं. मग आजूबाजूची गावं जमली, मेंढ्याचं गोटुल पुन्हा उभं राहिलं आणि दुसऱ्या गावांनीही आपापली गोटुलं बांधायला घेतली.

हा प्रसंग सांस्कृतिक की आर्थिक, धार्मिक की राजकीय? सरकारी फायलीला यातला एक रकाना निवडावा लागतो, गावाला लागत नाही. गोटुल बांधायचं तर साग लागतो, आणि साग हवा तर जंगलावर गावाची सत्ता लागते. ‘तुमची परंपरा आम्हाला आवडते, फक्त आमच्या झाडाला हात लावू नका’ असं म्हणणाऱ्याला त्या परंपरेतला एक खांबही उभा करता येणार नाही.

पुढचा प्रवास माहितीतला आहे, म्हणून थोडक्यात. गावाचे पुढारी देवाजी तोफा आणि गावकरी, सोबत मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते, गावाचा अभ्यासगट, बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने निर्णय घ्यायची शिस्त, आणि ‘मावा नाटे, मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचंच राज, ही घोषणा. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार आहे, गावात आम्हीच सरकार आहोत, असं हे गाव सांगत आलं. २००६ चा वनहक्क कायदा लागू झाल्यावर २००९ मध्ये गावाला १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला खरा, पण बांबू तोडून विकायचा म्हटल्यावर वाहतूक परवाना वनखात्याकडेच. ज्या जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे वर्षानुवर्षं बिनबोभाट गेला, त्यातलाच बांबू गावाने विकायचा म्हटल्यावर खात्याला तांत्रिक शंका सुचू लागल्या. वनहक्क कायद्यात बांबू हे गौण वनोपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणारं जंगलाचं उत्पन्न, असल्याचं स्वच्छ लिहिलेलं होतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या लेखी मात्र तो अजून झाड होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी स्वतः मेंढ्याला येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एका पावतीपुस्तकासाठी केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री दोघांना गावात यावं लागलं. कायदा आपल्या पायांनी किती चालतो याचा याहून चांगला नमुना मला तरी माहीत नाही.

संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा यांनी डिसेंबर १९४६ मध्येच बजावलं होतं, की आदिवासींना तुम्ही लोकशाही शिकवू शकत नाही, लोकशाहीची रीत तुम्हालाच त्यांच्याकडून शिकावी लागेल. ऐकणाऱ्यांना तेव्हा ती अतिशयोक्ती वाटली असणार. सर्वांचं एकमत होईपर्यंत एखादा विषय चार-चार बैठका पुढे ढकलणाऱ्या ग्रामसभेत एकदा बसून पाहावं आणि मग आपल्या हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा आठवावी.

सत्ता हाती आल्यावर गावं काय करतात, हा खरा औत्सुक्याचा भाग. गडचिरोली-गोंदियातल्या काही ग्रामसभांनी २०१३ च्या हंगामापासून तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करायला सुरुवात केली. त्याआधी लिलाव खात्याचा, फळी (पानं जमा करायची जागा) कंत्राटदाराची, मुन्शी त्याचा. मे महिन्याच्या उन्हात पानं तोडून सत्तर-सत्तरचे पुडे बांधणाऱ्या बाईच्या हाती येईल ती मजुरी. आता जाहिरात ग्रामसभेची, करारावर सही ग्रामसभेची, मजुरी आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) दोन्हींचा हिशोब गावाच्या वहीत. सगळं सुरळीत झालं असं नाही. काही कंत्राटदारांनी पैसे थकवले, भाव एका वर्षी चढले आणि पुढच्या वर्षी कोसळले, काही गावांत हिशोबावरून भांडणं झाली. ‘बघा, यांना जमत नाही’ म्हणणाऱ्यांना हे पुरतं. त्यांना एवढंच विचारावं, की सहकारी साखर कारखान्यांचे आणि जिल्हा बँकांचे ताळेबंद पाहून पश्चिम महाराष्ट्राचा मताधिकार काढून घ्यायची सूचना आजवर कुणी केली आहे का?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाने मात्र उलटा निर्णय घेतला, आणि मला तो सगळ्यांत बोलका वाटतो. २०१२ मध्ये त्यांना १,००६ हेक्टरचा हक्क मिळाला. गावाने बसून स्वतःचे नियम केले आणि तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं. पानासाठी खुटकटाई होते, म्हणजे झुडपं बुंध्याशी छाटली जातात, चांगला फुटवा यावा म्हणून आगी लावल्या जातात, फळ धरत नाही, जंगल झिजतं. हातातोंडाशी आलेलं रोख उत्पन्न सोडलं आणि बांबूवर भर दिला. जंगलाचा एक भाग देवासाठी राखला, तिथे तोड नाही. या निर्णयात ढोल नाही, पिसं नाहीत, कुठल्याही महोत्सवात तो सादर करता येणार नाही. तरी गोंडांच्या संस्कृतीबद्दल बोलायचं तर मी आधी पाचगावच्या या नियमांकडे बोट दाखवीन. जंगलाशी कसं वागायचं याची पिढ्यान्‌पिढ्यांची समज होती. ती अमलात आणायचा अधिकार परत मिळाला, तशी ती पुन्हा कामाला लागली.

आता राज्याच्या दुसऱ्या टोकाला या. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड. वारली चित्र आज कुठे नाही? विमानतळाच्या भिंतीवर, चहाच्या कपावर, कुर्त्यावर, लग्नपत्रिकेवर. मुळात हे चित्र लग्नाचं. कुडाच्या भिंतीवर गेरू सारवून तांदळाच्या पिठाने सवाशिणींनी चौक लिहायचा, मध्ये पालघाट देवी, आणि धवलेरीने गाणी म्हणत लग्न लावायचं. धवलेरी ही बाई. वारल्यांचं लग्न एक बाई लावते, ही गोष्ट आपल्या सुधारणेच्या इतिहासात सोनेरी अक्षरांनी यायला हवी होती; पण आपल्याला कपावरचा नाचाचा फेरा पुरला. सत्तरच्या दशकात हे चित्र कागदावर आलं, जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या थोर चित्रकाराने त्याला जगभर नेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. यात वाईट काही नाही. कागदावर आल्यामुळे घरं चालली, पोरं शिकली. बाजाराने कला भ्रष्ट केली म्हणून पुण्यात बसून उसासे टाकायचा मला अधिकार नाही. पुरुषांनी रंग हाती घेतले आणि भिंतीवर लिहिणारी बाई मागे पडली, ही खंत आहे. पण त्यावर बोलायचा पहिला मान वारली बायांचा.

माझा आक्षेप निराळाच आहे. त्याच पट्ट्यातून बुलेट ट्रेनचा मार्ग जातो, त्याच किनाऱ्यावर वाढवणला बंदर होतं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. जमीन, पाणी, माती यांबद्दलच्या हरकती इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं मांडल्या. चित्र जितक्या लांब पोचलं तितकी हरकत पोचली नाही. १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध उठलेल्या याच वारल्यांना आपण आज सजावटीचा नमुना म्हणून ओळखतो. प्रकल्पाच्या कार्यालयातसुद्धा भिंतीवर वारली चित्र लावता येतं, त्याने कुणाला काही बोचत नाही.

या वाटणीला वैचारिक पायाही आहे, आणि तो घालण्यात आपल्या मराठी माणसांचा हात आहे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राची परंपरा उभी करणारे गो. स. घुर्ये यांनी चाळीसच्या दशकात मांडलं, की आदिवासी हे मागासलेले हिंदू होत. त्यांना वेगळं ठेवू नये, सामावून घ्यावं. समोर मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन होते, ज्यांनी एका टप्प्यावर आदिवासींसाठी बाहेरच्यांना मज्जाव असलेल्या राखीव प्रदेशाची कल्पना मांडली होती. हा वाद पुढे परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत गेला: सामावणूक की अलगता, टीपा लिहा. दोघेही विद्वान, दोघांचाही हेतू वाईट नव्हता. पण दोघांच्या वाक्यांत कर्ता ‘आपण’ आहे. आपण त्यांना सामावून घ्यावं, आपण त्यांना वेगळं ठेवावं. ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं, ते वाक्यात कर्मच राहिले. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मूलनिवासी लोकांच्या हक्कांच्या जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं आणि त्याच वेळी आमच्याकडे सगळेच मूलनिवासी आहेत अशी भूमिकाही ठेवली; तो याच विचाराचा सरकारी अवतार. स्वयंनिर्णय हा शब्द निघाला की दिल्लीत लगेच फुटीरतेचा वास येतो. मेंढ्याच्या घोषणेचा अर्धा भाग ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार’ असा आहे, हे कुणी ऐकूनच घेत नाही.

भाषेचं काय ते पाहा. २०११ च्या जनगणनेत गोंडी सांगणारे सुमारे ३० लाख आहेत. संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१. संविधानाच्या भाषायादीत, म्हणजे आठव्या अनुसूचीत, संस्कृत आहे, गोंडी नाही. २००३ मध्ये संथाली आणि बोडो आत आल्या. गोंडीच्या पाठीशी स्वतःचं राज्य नाही, ती मध्य प्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्र, तेलंगण, ओडिशा अशी विखुरलेली, आणि प्रत्येक राज्यात तिच्यावर वेगळी भाषा चढलेली. आदिलाबादकडच्या गोंडाचं बोलणं बालाघाटच्या गोंडाला पुरतं कळत नाही. लिप्याही एकाहून जास्त: मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ च्या सुमारास तयार केलेली एक, तेलंगणातल्या गुंजाळा गावच्या जुन्या हस्तलिखितांतली दुसरी. दोन्ही आता युनिकोडमध्ये आहेत, म्हणजे मोबाईलवर लिहायची सोय झाली. शाळेत लिहायची सोय अजून व्हायची आहे.

ती करायला एका गावाने घेतली तेव्हा काय झालं? धानोरा तालुक्यातल्याच मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये पेसातल्या त्याच वाक्याचा आधार घेऊन गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. नाव, पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल. आजूबाजूच्या गावांतली मुलं आली. शिक्षण विभागाने शिक्षण हक्क कायद्याखाली शाळा अनधिकृत ठरवून दंडाची नोटीस काढली. गंमत अशी, की त्याच शिक्षण हक्क कायद्याचं २९ वं कलम म्हणतं, शिक्षणाचं माध्यम शक्य असेल तिथवर मुलाची मातृभाषा असावं. संविधानाचं ३५० (क) हे कलम भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून द्यायच्या सोयी करा असं राज्यांना सांगतं. मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटणाऱ्या, पहिलीपासून हिंदी नको म्हणून रस्त्यावर उतरणाऱ्या आपल्या राज्यात, मातृभाषेतून शिकवणाऱ्या शाळेला दंड. आपण हिंदीबद्दल जे म्हणतो नेमकं तेच मोहगावचे लोक मराठीबद्दल म्हणत आहेत, आणि तेही मराठीचा राग न करता.

‘पण पोरांना मराठी-इंग्रजी आली नाही तर ती मागे पडतील’ हा प्रश्न खोटा नाही. गोंड आईबापांनाही तो पडतो. पुष्कळजण पोटाला चिमटा काढून मुलांना इंग्रजी शाळेत घालतात आणि त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण पहिलीतल्या माडिया गोंड मुलासमोर ज्याला त्याची भाषा येत नाही असा मास्तर उभा करायचा, मूल वर्षभर गप्प बसतं म्हणून त्याला ‘ढ’ म्हणायचं, तिसरी-चौथीत त्याची शाळा सुटली की ‘यांना शिक्षणाची आवडच नाही’ असा अहवाल लिहायचा, हे आपण पुष्कळ वर्षं करून पाहिलं आहे. गोंडीतून सुरुवात करून मराठी-इंग्रजीकडे जाता येतं. मोहगावला शिक्षक द्यावेत, पुस्तकं छापायला मदत करावी, मुलांची परीक्षा घ्यावी, त्यात कमी दिसेल ते दाखवावं. दंड लावून कुणाला काय शिकवलं?

सरकारची वाट न बघता काय उभं राहू शकतं, हे पाहायचं तर माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात कचारगडला जावं. कथा अशी, की कली कंकालीची मुलं इथल्या गुहेत कोंडली गेली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांना सोडवलं, आणि गुहेच्या तोंडची शिळा सरकवताना गायक-वादक हिरासुका पाटालीर तिच्याखाली सापडला. सुटलेल्या मुलांपासून गोंडांची कुळं झाली. ऐंशीच्या दशकात नागपूरचे भाषा-अभ्यासक मोतीरावण कंगाली, सुन्हेरसिंग ताराम आणि त्यांच्यासारख्या मोजक्या माणसांनी इथे जत्रा भरवायला सुरुवात केली. ही माणसं नोकरीपेशातली होती. कंगाली रिझर्व्ह बँकेत होते. सुट्टीच्या दिवशी गावोगाव हिंडून कुळं, पेन (कुळांचे देव), गाणी, गोत्रचिन्हं लिहून काढायची, पत्रक-मासिक चालवायचं, हे त्यांचं काम. आज तिथे चार-पाच राज्यांतून लाखांनी लोक येतात. अर्थात आता पुढाऱ्यांचे फलकही येतात, आणि तिथे बोलला जाणारा सगळाच इतिहास कसोटीला उतरेल असं मी म्हणणार नाही. पुनरुज्जीवन करणारा प्रत्येक समाज आपला भूतकाळ थोडा उजळून घेतो. शिवजयंती आणि गणेशोत्सवाचा इतिहास ठाऊक असलेल्यांनी तरी भुवया उंचावू नयेत. जनगणनेत आपल्या धर्माचा वेगळा रकाना हवा ही मागणी याच मंथनातून पुढे आली आहे. झारखंड विधानसभेने आदिवासींच्या सरना धर्माबद्दल २०२० मध्ये तसा ठरावही केला. आपण कोण हे सांगायचा पहिला अधिकार ज्याचा त्याचा. त्यावर इथे आणखी लांबण लावत नाही.

इथवर वाचलेल्या एखाद्या वाचकाला, विशेषतः वाचिकेला, एक प्रश्न टोचत असणार. रूढींचं जतन म्हणजे सगळ्याच रूढींचं? गडचिरोलीतल्या माडिया-गोंड गावांत कुर्माघर असतं. पाळीच्या दिवसांत बाईने तिथे राहायचं. गावाच्या कडेला, अनेकदा दार नीट नसलेली, पावसात गळणारी झोपडी, विंचू-सापाचं भय, आजारी पडली तरी बाहेर यायचं नाही. हे मी परंपरेच्या नावाखाली पाठीशी घालणार नाही. अलीकडे काही संस्थांनी पक्की, पंखा आणि शौचालय असलेली कुर्माघरं बांधून दिली. काहींच्या मते हा दिलासा, काहींच्या मते अन्यायाला सिमेंटचा मुलामा. मला दोन्ही बाजू पटतात आणि म्हणून निकाल द्यायचं धाडस होत नाही. काही बायका सांगतात, की घरकामातून सुटका मिळणारे तेवढेच चार दिवस. तरुण मुली वसतिगृहात राहून येतात आणि परत आल्यावर जायला नकार देतात. ही कुजबुज कुठे मोठ्याने बोलली जाईल? बाहेरून गेलेल्या पथकासमोर नाही. बाहेरचा माणूस रूढीवर तुटून पडला की गाव, बायांसकट, त्या रूढीच्या भोवती उभं राहतं. वनहक्काच्या नियमांत २०१२ पासून तरतूद आहे, की ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली तेव्हा प्रतिनिधी बाया आणि पुरुष बरोबरीने घेतले. कुर्माघराचा निकाल लागला तर तो अशा सभेत लागेल, आणि अशी सभा भरायची तर तिच्या हाती काहीतरी असावं लागतं. जिच्याकडे बांबूचा हिशोब आहे त्या बाईचं कुर्माघराबद्दलचं मतही गावाला ऐकून घ्यावं लागतं. सत्ता नसलेल्या गावाजवळ राखायला रूढी तेवढी उरते, मग ती घट्ट होत जाते.

या सगळ्याची खरी परीक्षा गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यात सुरू आहे. सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे, आणि डोंगराच्या पोटात लोहखनिज. आसपासच्या पट्टीतली सत्तर गावं या देवाला मानतात, दर जानेवारीत यात्रा भरते. सुमारे ३४८ हेक्टरची खाणीची लीज २००७ ची, म्हणजे वनहक्काचे नियम अमलात येण्याच्या आधीची, त्यामुळे ग्रामसभांची संमती कागदोपत्री गैरलागू ठरवणं सोपं गेलं. २०२१ पासून खाण जोरात चालू झाली. २०२३ मध्ये वार्षिक उत्खननाची मर्यादा ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर गेली. त्यासाठीची जनसुनावणी डोंगराच्या पायथ्याशी नाही, दिवसभराच्या जाण्यायेण्यावर असलेल्या गडचिरोली शहरात झाली. २०२३ मध्येच नव्या खाणींविरुद्ध तोडगट्ट्याला लोक कित्येक महिने झोपड्या बांधून बसले होते. नोव्हेंबरात पोलिसांनी ते ठिय्या आंदोलन उठवलं.

इतकी वर्षं प्रत्येक हरकतीवर एक उत्तर तयार असे: यामागे नक्षलवादी आहेत. काही ठिकाणी ते असतीलही. बंदुकीच्या दोन नळ्यांमध्ये सापडलेल्या गावाला आपलं म्हणणं स्वतंत्रपणे मांडणं किती अवघड जातं, हे तिथे राहणाऱ्यांनाच ठाऊक. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, आणि आता नक्षलवाद संपत आल्याचं सरकारच सांगतं. चांगलं झालं, रक्त थांबलं. मग आता ग्रामसभेच्या ‘नाही’ला काय नाव द्यायचं? जिल्ह्याला पोलादाचं केंद्र करायची घाई झालेली आहे. रस्ते, नोकऱ्या, दवाखाना यांची गडचिरोलीला गरज आहे, आणि खाणीत कामाला लागलेला एटापल्लीचा तरुण देशद्रोही नाही तसा समाजद्रोहीही नाही. गावांना खनिज काढू द्यायचंही असेल, अटी घालून, वाटा मागून, देवाची जागा सोडून. तेही ठरवतील. त्यांना विचारायला तर हवं.

आणि विचारायचं कसं, याचा धडा देशात गिरवून झालेला आहे. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हायची होती. डोंगरिया कोंध आदिवासींचा देव नियमराजा तिथे राहतो. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की खाणीमुळे या लोकांच्या पूजेच्या हक्काला बाध येतो का, याचा विचार ग्रामसभांनी करावा. बारा गावांत सभा झाल्या, लोक आपल्या भाषेत बोलले, न्यायाधीशांच्या देखरेखीखाली कामकाज नोंदलं गेलं. बाराही गावांनी नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने वनमंजुरी नाकारली. आकाश कोसळलं नाही. देव, डोंगर आणि खनिज यांचा विचार एकाच सभेने, एकाच बैठकीत केला, पेसाच्या त्या वाक्यात लिहिलंय अगदी तसा.

सुरजागडच्या पट्टीतल्या ग्रामसभांपुढे हाच प्रश्न याच पद्धतीने ठेवायला नवा कायदा लागत नाही, नवी समिती लागत नाही. पाचव्या अनुसूचीने राज्यपालांना खास अधिकार दिलेले आहेत, आणि महाराष्ट्राच्या राज्यपालांनी ते याआधी वापरलेही आहेत; २०२० मध्ये वनहक्काच्या अपिलांसाठी विभागीय समित्या नेमल्या त्या याच अधिकारात. उत्खनन वाढवायच्या पुढच्या प्रस्तावाच्या वेळी सुनावणी डोंगराखालच्या गावांत घ्यावी, माडिया भाषेत घ्यावी, दुभाष्या अधिकाऱ्यांसाठी ठेवावा, ठराव आधी मागवावेत आणि मंजुरीचा कागद नंतर काढावा. ठराव नकाराचा आला तर तो नकार म्हणूनच नोंदवावा, ‘अभिप्रायार्थ सादर’ म्हणून नाही.